इजा-प्रतिबंध संशोधन (गोव्यातले अपघात आणि अपमृत्यू)

रस्त्यावरचे अपघात, बुडणं, माडावरून नाहीतर कौलांवरून पडणं, भाजणं, विजेचा धक्का, सर्पदंश, विषबाधा, हे सगळं नशिबाचे भोग म्हणून सोडून न देता मलेरिया-टीबीसारखं मोजायचं, कोणाला होतं, कुठे होतं, किती वाजता होतं ते शोधायचं आणि मग काय बदललं की ते कमी होतं ते तपासून बघायचं, या कामाला इजा-प्रतिबंध संशोधन म्हणतात. सार्वजनिक आरोग्याची ही शाखा तशी तरुण. आपल्याकडे बऱ्याच जणांना अशी काही शाखा असते हेच माहीत नाही, कारण अपघात म्हटला की आपल्याला पोलीस, वकील आणि विमा एवढंच सुचतं, आरोग्य खातं आठवतं ते थेट शवचिकित्सेच्या वेळी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ मध्ये जगभरात रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसं गेली, आणि ५ ते २९ या वयात मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण हेच. बुडून गेलेले त्याच वर्षी साधारण ३ लाख. भारतात २०२२ मध्ये रस्ता अपघातांत १,६८,४९१ मृत्यू नोंदले गेले, त्यातले जवळपास ४५ टक्के दुचाकीवरचे. सापांचा हिशेब तर सरकारी कागदांत धड लागतच नव्हता, कारण चावलेला माणूस बऱ्याचदा इस्पितळात पोचायच्या आधीच संपतो. शेवटी 'मिलियन डेथ स्टडी' या देशभरातल्या मृत्यूंच्या अभ्यासवाल्यांनी घरोघर जाऊन, गेलेल्या माणसाच्या घरच्यांना विचारून कारणं ठरवली आणि २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८ हजार भारतीय साप चावून मेले असा अंदाज काढला. मोजणी घरापर्यंत गेली तेव्हा कुठे आकडा बाहेर आला.

विचार कुठून आला

ह्यू डीहेवन नावाचा अमेरिकन माणूस पहिल्या महायुद्धात वैमानिकाचं ट्रेनिंग घेताना विमान कोसळूनही वाचला आणि आपण कसे काय वाचलो हा किडा त्याच्या डोक्यात शिरला. १९४२ मध्ये त्याने ५० ते १५० फुटांवरून पडून जिवंत राहिलेल्या लोकांचा अभ्यास छापला. त्यातून निघालं असं की नुसती उंची जीव घेत नाही, शरीर कशावर आपटतं, केवढ्या भागावर आपटतं आणि थांबायला किती अंतर मिळतं यावर बरंच ठरतं. पुढे १९४९ मध्ये जॉन गॉर्डनने अपघातांना साथरोगशास्त्राची पद्धत लावता येते असं मांडलं, १९६१ मध्ये जेम्स गिब्सनने इजेचं खरं कारण म्हणजे शरीराला सोसवणार नाही इतकी ऊर्जा असं सांगितलं, आणि विल्यम हॅडन या डॉक्टरने हे सगळं एका तक्त्यात बसवलं. हॅडन १९६६ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा ब्युरोचा पहिला प्रमुख झाला. त्याच्या तक्त्यात एका बाजूला अपघाताच्या आधी, अपघात होताना आणि अपघातानंतर असे तीन टप्पे, दुसऱ्या बाजूला माणूस, वाहन किंवा वस्तू, आणि आजूबाजूची परिस्थिती.

हा तक्ता आपल्याकडे लावून बघू. पावसातली रात्र, फोंड्याहून पणजीकडे येणारी स्कूटर, रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेली गाय. आधीचा टप्पा: गाय तिथे का आहे (ओल्या जमिनीपेक्षा डांबर कोरडं आणि ऊबदार, म्हणून), खांबावरचा दिवा पेटतो का, टायर घासलेत का, चालवणाऱ्याने किती घेतलीय, तो कितीच्या स्पीडला आहे. होतानाचा टप्पा: हेल्मेट डोक्यावर आहे की आरशाला लटकवलेलं, डोक्यावर असेल तर पट्टा लावलाय का, पडल्यावर तो मोकळ्या कडेला घसरतो की गटाराच्या काँक्रीटवर आपटतो. नंतरचा टप्पा: त्याला कोण बघतं, १०८ किती मिनिटांत येते, बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, किती लांब आहे, रक्त आणि न्यूरोसर्जन तयार आहे का. आता यातल्या निम्म्या रकान्यांत चालकाच्या हातात काहीच नाही. आणि आपल्या सगळ्या चर्चा, सगळे सुरक्षा सप्ताह त्याच एका रकान्यात, चालकाच्या डोक्यात, अडकलेले.

नोंदीतला घोळ

गोव्यात वर्षाला साधारण अडीचशे ते तीनशे माणसं रस्त्यांवर जातात आणि त्यातले बहुतेक दुचाकीवाले. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती, त्या मानाने हे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त दिसतं. पण इथे भागाकार करताना जरा जपून, कारण वर्षाला कोटीच्या घरात पर्यटक येतात, भाड्याच्या स्कूटरवर फिरतात, ते वरच्या आकड्यात (मृतांत) असतात आणि खालच्या आकड्यात (लोकसंख्येत) नसतात. त्यामुळे "गोवा अमुक राज्यापेक्षा वाईट" असली तुलना कोणी फेकली की आधी विचारावं, भागलंय कशाने?

दुसरा घोळ एफआयआरचा. कलम ठरलेलं, भरधाव आणि निष्काळजीपणे गाडी चालवणं, पूर्वी भादंसं २७९ आणि ३०४-अ, आता भारतीय न्याय संहितेचं २८१ आणि १०६. पोलिसांना गुन्हेगार हवा असतो, ते त्यांचं कामच आहे, पण संशोधकाला हवं असतं वळणाची त्रिज्या, खड्ड्याची खोली, दिवा, हेल्मेटचा पट्टा, आणि हे पंचनाम्यात आलं तर आलं. पेपरांत रोज येणारा 'स्वयंअपघात' घ्या: चालकाचा ताबा सुटला, गाडी झाडावर नाहीतर दुभाजकावर आदळली, दुसरा पक्षच नाही, फाईल बंद. मग त्याच वळणावर, त्याच झाडावर पुढच्या पावसात आणखी एक. रस्ता कधी आरोपी होत नाही. इस्पितळाच्या नोंदीत वेगळी अडचण, तिथे 'डोक्याला इजा' लिहिलं जातं, ती कशाने झाली हे लिहायचा कोड राहून जातो, खरं तर आयसीडी-१० या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्यासाठी व्ही ते वाय अशी अख्खी मालिका ठेवलेली आहे. म्हणून या विषयातले लोक पोलिसांची यादी, इस्पितळाची यादी आणि १०८ ची यादी एकमेकांशी जुळवून बघतात आणि किती माणसं फक्त एकाच यादीत सापडतात त्यावरून सुटलेल्यांचा अंदाज बांधतात.

पाणी

समुद्रावर तरी परिस्थिती बरी आहे. २००८ पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर दृष्टी मरीन या कंपनीचे जीवरक्षक आहेत, लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधे पोहायचं आणि नुसता लाल बावटा दिसला तर पाण्यात उतरायचं नाही, हे निदान लिहिलेलं तरी असतं. पाण्याची ओढ म्हणजे रिप करंट हा काय प्रकार आहे ते दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी अभ्यासलं गेलंय. किनाऱ्यावर चढलेलं पाणी एखाद्या चिंचोळ्या वाटेने जोरात परत जातं, गंमत म्हणजे तिथे लाटा कमी फुटतात म्हणून तीच जागा नवख्याला शांत वाटते. त्यात सापडलं तर सरळ किनाऱ्याकडे हातपाय मारून दमायचं नाही, आडवं, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडायचं.

गावातल्या पाण्याकडे मात्र तेवढं लक्ष नाही. चिऱ्यांच्या (जांभा दगडाच्या) सोडून दिलेल्या खाणी बघा. चिरे यंत्राने चौकोनी कापून काढतात त्यामुळे खाणीच्या भिंती सरळ उभ्या, तासल्यासारख्या, आणि पाऊस सुरू झाला की दोन-तीन आठवड्यांत त्या भरतात. पाणी तांबडं गढूळ, तळ दिसत नाही. कडेला एक पायरी जेमतेम पाण्याखाली असते, पोरगं त्यावर उभं राहतं, कमरेएवढंच आहे म्हणतं, पुढचं पाऊल टाकतं आणि तिथून एकदम खाली. वर यायला उतार नाही, धरायला मूळ नाही, ओल्या चिऱ्यावर शेवाळ. पोहता येणारा माणूससुद्धा तिथे दमून बुडतो. यावर उपाय म्हणून बहुतेक ठिकाणी एक बोर्ड लागतो, तोही गंजलेला. कुंपण घालणं, काम संपलं की खाण बुजवणं, ते जमत नसेल तर निदान एका बाजूने वर चढता येईल असा उतार कापून ठेवणं, हे हॅडनच्या पद्धतीचे उपाय, आणि हे करायला जेसीबीचं थोडं काम पुरतं. पंचायत म्हणते खाण खासगी, मालक म्हणतो बोर्ड लावलाय.

सांज्यांव या गोव्यातल्या ख्रिस्ती सणाचं थोडं वेगळं. २४ जूनला डोक्यावर कोपेल, म्हणजे फुला-पानांचा मुकुट, घालून विहिरीत उड्या मारायची प्रथा बंद करा असं कोणी म्हणत नाही, म्हणूही नये. धोका कुठे आहे तेवढं बघायचं: कमी पाण्यात डोक्यावर सूर मारला की मान मोडते, फेणी पोटात असली की अंदाज चुकतो, आणि अंधार पडल्यावर वर कोण आलं कोण नाही कळत नाही. पाणी किती आहे ते दोर सोडून आधी मोजायचं, उडी पायांवर मारायची, आणि काठावर न प्यायलेला एक पोहणारा माणूस दोर आणि ट्यूब घेऊन उभा ठेवायचा, मग सण खुशाल होऊ दे.

माड, कौलं, साप

माडावर चढून नारळ पाडणारे पाडेली आणि सूर काढणारे रेंदेर यांचं पडणं पेपरात दोन ओळींत संपतं. पायाला-हाताला अडकवायची चढायची यंत्रं आता मिळतात, कंबरपट्टा लावला तर हात सुटला तरी माणूस लटकून राहतो, पण रोज तीसचाळीस माड करणाऱ्याला प्रत्येक माडाला पट्टा बांधणं म्हणजे वेळेचं, म्हणजे पैशांचं नुकसान, आणि संशोधन तिथेच व्हायला हवं, म्हणजे पट्टा वेगाने लागेल असा बनवणं. आयआयटी दिल्लीचे दिनेश मोहन यांनी हरियाणातल्या गावांत चारा कापायच्या यंत्रात बोटं-हात कसे तुटतात याचा असाच अभ्यास केला आणि यंत्राची रचना सुधारायच्या मागे लागले, शेतकऱ्याला नुसतं 'सांभाळून' सांगत बसले नाहीत. मे महिन्यात कौलं परतायला चढणाऱ्यांची गोष्टही तीच. आंबे पाडायला लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची काठी वर नेली आणि ती वीजवाहिनीला लागली, यावर तर काठी बांबूची ठेवण्याइतका सोपा उपाय आहे. घरात ३० मिलिअँपिअर गळती झाली की वीज आपोआप तोडणारा आरसीसीबी स्विच बसवला तर ओल्या हाताने मिक्सरला शॉक लागून जाणारे जीव वाचतात.

सापांचं सांगायचं तर नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी आपल्याकडे एकच प्रतिविष लस मिळते. सत्तरी-सांगेच्या रानांत हंपनोज्ड पिट व्हायपर हा विषारी सापही असतो आणि त्याच्या विषावर ही लस लागू पडत नाही. केंद्राने २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात आहे. रात्री बॅटरी, पायात बूट, मच्छरदाणी, आणि चावल्यावर मांत्रिकाकडे न जाता सरळ आरोग्य केंद्र, एवढ्यात बरंच होतं.

काय लागू पडतं, काय नाही

नुसतं प्रबोधन फारसं कामाचं नाही असं पुरावा सांगतो. लायसन मिळालेल्या चालकांना पुन्हा शिकवण्याच्या प्रयोगांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने आढावा घेतला तर अपघात किंवा इजा कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट मोटरसायकलवाल्याने हेल्मेट घातलं की मरण्याचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी उतरतो. सरासरी वेग १ टक्का वाढला तर जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. न्यूयॉर्कमध्ये १९७२ पासून उंच इमारतींतल्या घरांना खिडकीच्या जाळ्या फुकट वाटल्या आणि खिडकीतून पडणारी मुलं कमी झाली. बांगलादेशात दिसलं की १ ते ४ वर्षांची मुलं बुडतात ती सकाळी ९ ते दुपारी १ या वेळात, आई कामात असताना, म्हणून गावागावांत त्याच वेळेची पाळणाघरं काढली आणि तिथे येणाऱ्या मुलांत बुडण्याचं प्रमाण ८० टक्क्यांहून जास्त घटलं. वेळ सापडली म्हणून उपाय सापडला.

इथे एक फसगत नेहमी होते. एखाद्या वळणावर एका वर्षी चार जण मेले, लोक रस्त्यावर उतरले, आमदार आले, गतिरोधक घातला, पुढच्या वर्षी एकच मेला, झालं, फोटो आणि श्रेय. पण ते चार मुळात वाईट योगायोगाने आलेले असू शकतात, काहीच केलं नसतं तरी पुढच्या वर्षी आकडा खाली आलाच असता. म्हणून तशीच दुसरी वळणं, जिथे काही केलं नाही, ती सोबत ठेवून निदान तीन ते पाच वर्षं बघावं लागतं. निवडणुकीच्या वेळापत्रकात हे बसत नाही, तो भाग वेगळा.

दारूवर गोव्यातच चांगलं काम झालंय. पर्वरीच्या 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, प्रमाणाबाहेर पिणाऱ्या पुरुषांना डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून थोडक्या बैठका दिल्या, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि तीन महिन्यांनी पिणं आटोक्यात आलेल्यांचं प्रमाण जास्त निघालं. ती चाचणी अपघातांसाठी आखलेली नव्हती, पण रात्रीच्या स्वयंअपघातांचा धागा तिथपर्यंत जातो हे कॅज्युअल्टीत एक शनिवार काढलेला कोणीही सांगेल.

अपघातानंतरच्या टप्प्यात गोव्यात १०८ सेवा २००८ पासून आहे आणि चिंचोळ्या रस्त्यांसाठी दुचाकी ॲम्ब्युलन्सही आहेत. जखमीला उचलणाऱ्याला पोलीस-कोर्टाचा त्रास होऊ नये म्हणून सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये नियमांना मान्यता दिली, २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यात १३४-अ म्हणून आले, आणि २०२५ पासून अपघातग्रस्ताला ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार देणारी केंद्राची योजना लागू आहे. तरीही लोक मोबाईल काढून उभे राहतात ते साक्षीला जावं लागेल या जुन्या भीतीने, कारण हा कायदा किती जणांच्या कानावर गेलाय हा प्रश्नच आहे. रस्ता अपघातांची नोंद आता आयआरॅड ॲपवर जागेच्या अक्षांश-रेखांशासकट होते, आयआयटी मद्रासने बनवलेली ही यंत्रणा, त्यामुळे तेच वळण पुन्हा पुन्हा आलं तर नकाशावर दिसतं. बुडण्याबद्दल केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये धोरणाचा आराखडा काढला, आता चिऱ्यांच्या खाणींची तालुकावार यादी करून ती त्याला जोडणं हे राज्याचं काम.