संस्थेची कमाई आणि संशोधनाचा परतावा

सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाने काय दिले, असा प्रश्न निघाला की दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. एक म्हणजे पेटंट, परवाना शुल्क किंवा बियाणेविक्रीतून संस्थेच्या खात्यात आलेली रक्कम आणि दुसरी म्हणजे समाजाच्या पदरात पडलेला लाभ. पहिली ताळेबंदात चटकन सापडते, म्हणून तिच्यावरूनच दुसरीचा अंदाज बांधला जातो.

जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने परदेशातून आलेल्या वाणसामग्रीतून निवडलेला भुईमुगाचा जेएल २४, म्हणजेच फुले प्रगती, हा वाण घ्या. भुईमुगात स्वपरागीभवन, म्हणजे फुलाचे त्याच्याच परागाने फलन, होत असल्याने घरचे बियाणे पुढच्या वर्षीही बहुतांशी त्याच गुणाचे निघते. पेरणीच्या तोंडावर घरोघर बायका शेंगा फोडतात, सुरकुतलेला आणि किडका दाणा बाजूला काढून टपोरा तेवढा बियाण्याला ठेवतात, आणि शेजाऱ्याने मागितले तर त्यातलेच पायलीभर देतात. शेतकऱ्याचा हा हक्क २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानेही मान्य केला आहे. या देवघेवीतून केंद्राला एक रुपयाही मिळत नाही, मात्र लवकर तयार होणाऱ्या या उपट्या (न पसरणाऱ्या) वाणाचा फायदा शेतात होतच राहतो. हाच वाण पुढे आफ्रिकेतील मलावी देशात ‘काकोमा’ या नावाने प्रसारित झाला. जळगावच्या जमाखर्चात तो लाभ कुठे शोधणार?

कपाशीचे उलटे आहे. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, त्यामुळे विक्रीचा आकडा लगेच हाती येतो. पण तो बहुधा कंपन्यांचा असतो. त्यामागचे मूळ संशोधन मात्र सरकारी होते: जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, एच-४, १९७० मध्ये खानदेशाच्या शेजारी सुरतेला सरकारी संशोधन केंद्रातच तयार झाला होता.

मग सामाजिक परतावा मोजायचा कसा? अर्थशास्त्रज्ञ झ्वी ग्रिलिकस यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतील संकरित मक्याबाबत ते करून दाखवले. नवे बियाणे नसते तर उत्पादन किती झाले असते हे ठरवून फरकाची किंमत काढायची आणि तिच्यासमोर संशोधनाचा अनेक वर्षांचा खर्च मांडायचा. त्यांचा ७०० टक्क्यांचा आकडा फार गाजला. वास्तविक ते लाभ आणि खर्च यांचे गुणोत्तर होते. व्याजदरासारखा अंतर्गत परतावा त्यांच्याच हिशेबाने ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास होता, आणि तोही, माझ्या मते, थक्क करणारा आहे.

अर्थात मका हे निवडक यशाचे उदाहरण आहे, याची जाणीव ग्रिलिकस यांनीच करून दिली होती. म्हणून जेएल २४ चा हिशेब मांडताना त्या जागी शेतकऱ्याने एरवी कोणता वाण पेरला असता हे पाहावे लागेल, वाढलेल्या उत्पादनातून पाणी, खत आणि मशागतीचा वाटा वजा करावा लागेल, आणि ज्या वाणांची निवड शेवटपर्यंत पोचलीच नाही त्यांच्यावर झालेला खर्चही त्याच खात्यात धरावा लागेल.