अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधले कृष्णवर्णीय लेखक आणि वादक

अठराव्या शतकात इंग्लंडात, आणि त्यातही लंडनमध्ये, आफ्रिकन वंशाची बरीच माणसं राहत होती. आकडा दहा ते पंधरा हजार सांगतात, पण तो नुसता अंदाज, शिरगणती कोणी केली नव्हती. बहुतेक जण नोकर, खलाशी किंवा सैन्यातल्या बँडमधले ढोलवाले. श्रीमंतांच्या घरात काळा नोकर ठेवणं ही फॅशनच होती आणि त्या नोकराला फ्रेंच हॉर्न (फुंकून वाजवायचं पितळी वाद्य) येत असला तर मालकाचा भाव आणखी वाढायचा. म्हणजे बऱ्याच जणांच्या हातात वाद्य आलं ते मालकाच्या हौसेखातर, पण एकदा आलं की ते काय मालकापुरतं राहतंय? 1764 साली फ्लीट स्ट्रीटवरच्या एका पबमध्ये 57 काळे स्त्री-पुरुष जमले, जेवले, प्यायले आणि पहाटे चारपर्यंत व्हायोलिन नि हॉर्नच्या तालावर नाचले, वाजवणारे सगळे त्यांच्यातलेच आणि गोऱ्यांना आत प्रवेश नाही! ही बातमी त्या वेळच्या पेपरात आली होती.

या मंडळींमधलं सगळ्यात गोड आणि तिखट माणूस म्हणजे इग्नेशियस सँचो (सु. 1729–1780). गुलामांच्या जहाजावर जन्मला असं त्याचं चरित्र सांगतं, त्यावर अभ्यासकांचा आता फारसा विश्वास नाही. लहानपणी ग्रिनिचमधल्या तीन बहिणींकडे होता, आणि पोराला अडाणी ठेवलं की ते ऐकण्यात राहतं असा त्या घरचा हिशोब, हे त्यानेच नंतर लिहिलंय. तिथून पळून तो माँटेग्यू सरदारांच्या घरी गेला, तिथे बटलर झाला. 1766 मध्ये त्याने लॉरेन्स स्टर्न या कादंबरीकाराला पत्र टाकलं की गुलामगिरीवर जरा लिहा, स्टर्नने उत्तर दिलं, आणि पुढे हा पत्रव्यवहार छापून आल्यावर सँचोचं नाव झालं. 1768 मध्ये गेन्सबरो या चित्रकाराने त्याचं पोर्ट्रेट काढलं, त्यात तो नोकराच्या वर्दीत नाही, चांगला कोट-जाकीट घालून एक हात जाकिटात खुपसून बसलाय. संगीतही रचायचा, मिन्युएट (संथ दरबारी नाच) आणि इतर नाचांच्या चाली, गाणी. छापताना नावाच्या जागी फक्त ‘एक आफ्रिकन’.

संधिवाताने आणि वजनाने नोकरी झेपेना, तेव्हा 1774 मध्ये त्याने वेस्टमिन्स्टरमध्ये चार्ल्स स्ट्रीटवर किराणा दुकान टाकलं. विकायचा काय, तर चहा, साखर, तंबाखू! यातली साखर आणि तंबाखू तर गुलामांच्याच घामाची. घर-दुकान असल्यामुळे त्याला मताचा हक्क मिळाला आणि 1774 आणि 1780 च्या संसदेच्या निवडणुकांत दोन्ही वेळा त्याने मतदान केलं.

आपल्या मुंबईशीसुद्धा त्याचा एक धागा आहे. ओळखीच्या घरातला जॅक नावाचा पोरगा नोकरीसाठी मुंबईला आला आणि 1776-77 मध्ये बापाला लिहायला लागला की इथले काळे लोक ढोंगी नि लबाड आहेत. ते वाचून 1778 मध्ये सँचोने त्याला जे पत्र लिहिलं ते मुळातून वाचायला हवं. पोरावर माया आहे, ओरडा नाही, पण सांगितलंय स्पष्ट, की पूर्वेकडे काय, वेस्ट इंडिजमध्ये काय नि गिनीच्या किनाऱ्यावर काय, तुमच्या देशाची वागणूक सगळीकडे सारखीच दुष्ट आहे, आणि तुम्ही लोक पैशासाठीच तिकडे जाता. माझ्या मते त्याचं हे पत्र सगळ्यात भारी. तो गेल्यावर 1782 मध्ये पत्रं दोन खंडांत छापली, आगाऊ नाव नोंदवणारेच अकराशेच्या वर होते.

पुढचे लेखक इतके गोडीगुलाबीने बोलणारे नव्हते. क्वोबना ऑटोबा कुगोआनोने 1787 मध्ये गुलामगिरी सरसकट बंद करा अशी मागणी छापून केली. 1789 मध्ये ओलाउडा इक्वियानोचं आत्मचरित्र आलं, त्याच्या हयातीतच नऊ आवृत्त्या निघाल्या आणि तो स्वतः गावोगाव फिरून पुस्तक विकायचा. त्यानेही तरुणपणी लंडनमध्ये हॉर्न शिकून घेतला होता.

वादकांचं नशीब जास्त लहरी. व्हायोलिनवादक जॉर्ज ब्रिजटॉवरला प्रिन्स ऑफ वेल्सचा आधार होता, 1803 मध्ये व्हिएन्नात तो बेथोव्हेनबरोबर वाजवायला बसला. वाजवली ती बेथोव्हेनची सोनाटा (व्हायोलिन-पियानोची रचना) त्याच्यासाठीच होती, पण छापताना अर्पण भलत्यालाच, क्रॉइट्झर नावाच्या दुसऱ्या व्हायोलिनवाल्याला!

जोसेफ एमिडीला असा आधार नव्हता. गिनीतून ब्राझीलला नेलेला गुलाम, मग लिस्बनच्या ऑपेरात व्हायोलिन. तिथून 1795 मध्ये इंग्रज आरमाराच्या कप्तानाने त्याला उचलून नेला, का तर जहाजावर खलाशांना नाचायला फिडलवाला पाहिजे! चार वर्षांनी कॉर्नवॉलमधल्या फालमथ बंदरात सोडला, तो कॉर्नवॉलमध्येच राहिला, शिकवण्या केल्या, सिंफनी (पूर्ण वाद्यवृंदासाठीच्या रचना) लिहिल्या. त्याच्या एका शिष्याने त्या लंडनला नेऊन जाणकारांना दाखवल्या, त्यांना आवडल्यासुद्धा, पण रंगामुळे कार्यक्रम पडेल म्हणून बोलावणं काही आलं नाही, वर्गणी काढून पैसे तेवढे पाठवले. 1835 मध्ये तो ट्रुरोत वारला. तिथल्याच केनविनच्या चर्चच्या आवारात त्याच्या थडग्याचा दगड आहे, संगीताचं एक पानही उरलेलं नाही.