चित्रपटाचा आरंभ : विद्यार्थी-प्रकल्प आणि जुन्या चित्रपटांची प्रेरणा

स्वतःच्या चित्रपटाची सुरुवात आखण्याआधी गाजलेल्या चित्रपटांच्या सुरुवाती शॉट-शॉट तपासायच्या आणि त्यांतून काय घ्यायचे ते ठरवायचे, ही चित्रपटशिक्षणातली रुळलेली पद्धत. तिला अगदी नेमके रूप मिळाले ते ब्रिटनमधील शाळांच्या ‘मीडिया स्टडीज’ या विषयात. ओसीआर या परीक्षा मंडळाच्या 2008 मध्ये सुरू झालेल्या एएस (ए-लेव्हलच्या पहिल्या वर्षाच्या) अभ्यासक्रमात चित्रफितीचा मुख्य प्रकल्प असा होता : नव्या कथापटाची श्रेयनामावली (पडद्यावर येणारी कलाकार-तंत्रज्ञांची नावे) आणि आरंभ, जास्तीत जास्त दोन मिनिटे. गटात चारपर्यंत मुले. 100 पैकी 20 गुण संशोधन व नियोजनाला, 60 प्रत्यक्ष कामाला, 20 स्वतःच्या कामाच्या मूल्यमापनाला. दृश्ये आणि ध्वनी मुलांनी स्वतःच तयार करायचे. बाहेरून घेता येई ते फक्त स्वामित्वहक्कातून मोकळे असलेले संगीत आणि ध्वनिपरिणाम. मूल्यमापनाचा पहिलाच प्रश्न असा, की खऱ्या चित्रपटांचे संकेत तुम्ही कुठे वापरले, कुठे पुढे नेले आणि कुठे मोडले? प्रेरणा कुठून घेतली हे लपवायचे नव्हते. ते सांगितल्याचेच गुण होते.

या वर्गांत ‘सेव्हन’ या खूनपटाची (1995) श्रेयनामावली हमखास दाखवली जाई. काइल कूपर यांनी ती रचली. वहीची पाने शिवणारा दोरा, ब्लेड, खरडलेली अक्षरे, आणि हे करणाऱ्याचा चेहरा कुठेच नाही. टेबल, दिवा आणि दोन हात एवढ्यावर असे चित्रण जमते, म्हणून ती मुलांना जवळची वाटते. पण बहुतेक जण उचलतात ती नुसती थरथरती अक्षरे. खरी युक्ती कथेत आहे. हे हात खुन्याचे आहेत, आणि तो माणूस चित्रपटात फार उशिरा समोर येतो. तो उघडा पडू नये म्हणून ती भूमिका करणाऱ्या नटाचे नावसुद्धा सुरुवातीच्या नामावलीत घातलेले नाही. हात दाखवायचे आणि माणूस लपवायचा, हे घेण्यासारखे आहे. अक्षरांवरचे ओरखडे त्यामानाने किरकोळ.

‘हॅलोवीन’ या भयपटात (1978) कॅमेराच पात्राचे डोळे होतो. घराबाहेरून आत, जिन्याने वर. मध्येच मुखवटा चढतो आणि पडद्यावर उरतात फक्त डोळ्यांची दोन भोके. शेवटी वडील मुखवटा काढतात आणि समोर उभा असतो खुनी : सहा वर्षांचा मुलगा. पुठ्ठ्याला दोन भोके पाडून ही चौकट कोणालाही बनवता येईल. मात्र मुखवटा काढल्यावर दिसणारा चेहरा प्रेक्षकाला हादरवणारा नसेल, तर ती भोके नुसती शोभेची.

दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्या ‘टच ऑफ ईव्हिल’चा (1958) पहिला शॉट तीन मिनिटांहून मोठा, म्हणजे मुलांच्या अख्ख्या प्रकल्पापेक्षा लांब. गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवला जातो, गाडी सीमेवरच्या गावातून निघते आणि कॅमेरा न तुटता सोबत चालतो. असा शॉट घ्यायला लागणारी कॅमेऱ्याची क्रेन शाळेला परवडत नाही. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक आणि गाडीतल्यांना नाही, ही मांडणी फुकट मिळते. बॉम्बऐवजी दप्तरातली चोरलेली प्रश्नपत्रिका घेतली तरी चालते.

नियोजनाची रीत साधी आहे. एका सुरुवातीचा तक्ता करायचा : शॉट किती सेकंदांचा, कॅमेरा कुठे, काय ऐकू येते, कोणते नाव कधी येते, आणि त्या क्षणी प्रेक्षकाला नवे काय कळले. शेवटचा रकाना भरायला मुले कंटाळतात, पण त्याच्याविना बाकीचे रकाने म्हणजे निव्वळ मोजदाद. मग त्या रकान्यावरून स्वतःचा स्टोरीबोर्ड (शॉट-शॉटची चित्रे) काढायचा, मूळ चित्रपट बंद करून.

ध्वनीकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होते. वेल्स यांच्या त्याच शॉटवर स्टुडिओने श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनी यांचे संगीत चढवले होते. 1998 मध्ये संकलक वॉल्टर मर्च यांनी वेल्स यांच्या टिपणानुसार चित्रपट पुन्हा संकलित केला तेव्हा दोन्ही काढले आणि रस्त्यावरचे, दुकानांतून आणि गाडीच्या रेडिओतून येणारे आवाज ठेवले. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ दाखवल्या, की नामावली कुठे घालायची यावर वर्गात वाद सुरू होतो.