बाराखडी की चौदाखडी : पहिलीच्या वाचनामागचा जुना पेच

पहिलीतल्या मुलाच्या हाती आधी कोणते अक्षर द्यावे, हा प्रश्न पुण्याला नवा नाही. पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर बोटाने ‘ओनामासीधं’ गिरवी आणि पुढे पोथीसाठी बाळबोध म्हणजे देवनागरी, तर हिशेबासाठी मोडी, अशा दोन लिप्या शिके. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळेतून गेली.

राज्याची पाठ्यपुस्तके तयार करणारी संस्था १९६७ मध्ये पुण्यात स्थापन झाल्यावर इथे ठरलेला अक्षरक्रम राज्यभर पोहोचू लागला. वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांवर बेतलेला असल्याने तो व्याकरणाला सोयीचा, पण ‘क, ख, ग, घ, ङ’ पाठ झाले तरी मुलाच्या ओळखीचा शब्द त्यातून क्वचितच जुळतो. ‘ग, म, भ, न’ हा क्रम वळणांच्या साम्यावर आधारलेला असला, तरी त्यातून निदान ‘मन’, ‘नभ’ आणि ‘गगन’ वाचता येतात. पुढे रुळलेली अक्षरगटांची पद्धत याच धाग्याने जाते : चार-पाच अक्षरे आणि एक काना शिकवून ‘काका’, ‘मामा’ लगेच वाचायला द्यायचे.

खरा गुंता मात्र बाराखडी या शब्दात आहे. ‘क’पासून ‘कः’पर्यंतच्या बारा रूपांत अनुस्वार आणि विसर्ग मोजले जातात, ‘कृ’ मोजला जात नाही, आणि बॅट, बॉल, डॉक्टर या रोजच्या शब्दांतील स्वरांना तर जागाच नव्हती. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हे स्वर वर्णमालेत घेतले आणि बाराखडीची चौदाखडी झाली. परक्या उच्चारांसाठी परंपरा मोडली, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. तो फारसा टिकत नाही, कारण पुण्यातले मूल शाळेत येण्याआधीच ‘बॅग’ म्हणत असते आणि जे तोंडात आहे ते पाटीवर नसणे हीच अधिक मोठी अडचण होती. ‘ऍ’, ‘अॅ’ आणि ‘ॲ’ अशी एकाच स्वराची तीन रूपे छापली जात होती, हे निराळेच. त्याच निर्णयाने ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे प्रमाण ठरवली. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुधारित निर्णय काढून त्यांची पुन्हा आठवण करून द्यावी लागली, यावरून छापील मजकुरात हिंदी वळणे किती रुजली होती ते दिसते.

दरम्यान ‘वाचता येणे’ याचाच अर्थ बदलला. २००५ पासून देशभर होऊ लागलेल्या घरोघरच्या पाहणीत मुलाला अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा चढत्या पायऱ्यांवर वाचायला लावले जाते. त्यामुळे बाराखडी घडाघडा म्हणणारे मूलही परिच्छेदावर अडते, हे आकड्यांत मांडता येऊ लागले. राज्याने जून २०१५ मध्ये प्रत्येक मूल ‘प्रगत’ करण्याचा कार्यक्रम आखला, तर केंद्राच्या २०२१ मधील अभियानाने तिसरीअखेर समजपूर्वक वाचन हे लक्ष्य २०२६-२७ पर्यंत गाठायचे ठरवले.

अलीकडे शहरातील खासगी बालवर्गांत फोनिक्सची पद्धत मराठीलाही लावली जाते. इंग्रजीत ती सुटे ध्वनी जुळवते. मराठीत मात्र ‘घ’ आणि ‘र’ यांत ‘अ’ आधीच मिसळलेला असतो, आणि ‘घर’ म्हणताना शेवटचा ‘अ’ गळतो. ‘चमचा’ आणि ‘चंद्र’ यांतला ‘च’ एकाच वळणाचा असूनही उच्चाराने वेगळा आहे. ‘कि’मधली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर, याचे उत्तरही फोनिक्सच्या तक्त्यांत नसते.