खुलासा: ‘व्हीडीबी’ असलेला प्रत्येक लिंकन सेंट दुर्मीळ नसतो

१९०९ च्या अमेरिकन लिंकन सेंटवर (अब्राहम लिंकनचं चित्र असलेलं एक सेंटचं नाणं) मागच्या बाजूला तळाशी ‘व्हीडीबी’ (V.D.B.) अक्षरं दिसली की नाणं हजारो डॉलरचं, असा समज वर्षानुवर्षं पसरत आला आहे. तो चुकीचा आहे.

ही नाण्याचे शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची आद्याक्षरं. ऑगस्ट १९०९ मध्ये नाणं आलं, अक्षरं फार ठळक असल्याची ओरड झाली आणि काही दिवसांतच ती काढली गेली. (१९१८ पासून ती लिंकनच्या खांद्यापाशी बारीक आकारात परतली.) पण आधी पाडलेली नाणी परत घेतली नव्हती. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत ती सुमारे २ कोटी ८० लाख पाडली गेली होती, आणि नव्या नाण्याच्या कौतुकापोटी लोकांनी ती भरपूर जपूनही ठेवली. म्हणून झिजलेल्या नगाला आजही मोजकेच डॉलर मिळतात.

खरं दुर्मीळ नाणं सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचं: ‘व्हीडीबी’ असलेली फक्त ४,८४,००० पाडली गेली. त्याच्या पुढच्या बाजूला सालाखाली छोटा ‘एस’ (S) असतो, ती त्या टांकसाळीची खूण. तो आणि मागची ‘व्हीडीबी’, दोन्ही हवीत.

इथेच फसवणूक होते. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर ‘एस’ चिकटवून ते विकलं जातं. भिंगाखाली ‘एस’भोवती सांधा किंवा डिंकाची रेघ दिसली तर नाणं घेऊ नका. अस्सल ‘एस’ सालाखाली चार ठरावीक जागांपैकी एकीवरच आढळतो, त्यामुळे अस्सल नगाच्या छायाचित्राशी ताडून पाहा. आणि कृपा करून नाणं चिंचेने किंवा पॉलिशने घासू नका. चकाकी येते, किंमत मात्र घसरते.