मुजाहिदीन ही एकच संघटना नव्हती
अफगाणिस्तानातून सोव्हिएत फौजा परतताच, त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या 'मुजाहिदीन' या एकसंध संघटनेने काबूल जिंकले, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरत आहे. पडताळणीसाठी दोन तारखा शेजारी ठेवाव्यात: शेवटच्या सोव्हिएत तुकड्या १५ फेब्रुवारी १९८९ रोजी बाहेर पडल्या, तर सोव्हिएत पाठिंब्यावरचे काबूलचे सरकार एप्रिल १९९२ मध्ये कोसळले. मधल्या काळात, १९८९ मध्ये जलालाबाद शहरावर मुजाहिदीनांनी केलेला मोठा हल्लाही सरकारी सैन्याने परतवला. सोव्हिएत संघ विसर्जित होऊन मदत थांबल्यावर मात्र ते सरकार टिकले नाही. मुळात 'मुजाहिदीन' हे अरबी अनेकवचन आहे. पाकिस्तानातील पेशावरमध्ये सात सुन्नी पक्षांची कार्यालये होती, इराणच्या पाठिंब्यावरचे शिया गट वेगळेच होते, आणि १९९२ नंतर हेच गट काबूलच्या ताब्यासाठी एकमेकांशी लढले, ज्यात हजारो सामान्य नागरिकांचे प्राण गेले.