लाडू आणि करंजी: पॉलिप्लेक्स आणि लिपिड नॅनोपार्टिकलमधला फरक

आमच्या ठाण्याच्या सोसायटीत एक काका आहेत, रेल्वेतून रिटायर झालेले. मी रबाळ्याला लॅबमध्ये जीनच्या औषधांसाठी पॉलिमरचे कण बनवते हे कळल्यापासून लिफ्टमध्ये भेटले की हमखास विचारतात, "काय गं, ते कोविडच्या लसीतलं प्लॅस्टिकच ना तुमचं?" विचारतात मायेनेच, पण त्या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एक झाल्यात आणि असं बऱ्याच जणांचं होतं, म्हणून नीट लिहिते.

फायझर आणि मॉडर्नाच्या लसीत होते ते लिपिड नॅनोपार्टिकल, म्हणजे फॅटचे कण, पॉलिमरचे नाहीत. आणि आपण इथे रांगा लावून घेतली ती कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन, त्यांच्यात तर हेही नव्हतं, एकीत चिंपांझीचा बदललेला अडेनोव्हायरस होता, दुसरीत मारलेला कोरोना. आम्ही बनवतो त्याला पॉलिप्लेक्स म्हणतात, म्हणजे पॉलिमरमध्ये (एकसारखे तुकडे जोडून झालेल्या लांब साखळीच्या रेणूत) डीएनए किंवा आरएनए बांधलेला कण. आणि पॉलिमर म्हटलं की लगेच बादली-पिशवी डोळ्यासमोर आणायची गरज नाही, बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात कोळंबी सोलल्यावर सालं बाजूला पडतात ना, तसल्या सालांतल्या कायटिनपासून कायटोसान बनतं, तेही पॉलिमरच, आणि जीन बांधायला ते वापरलं जातं.

घोळ होतो कारण दोघांचं काम एकच आहे. डीएनए, आरएनएवर निगेटिव्ह चार्ज, पेशीचं बाहेरचं आवरणही निगेटिव्ह, त्यामुळे औषध आपणहून आत शिरत नाही, आणि आरएनए उघडाच रक्तात सोडला तर तिथले एन्झाइम काही मिनिटांत त्याचे तुकडे करतात. म्हणून पॉझिटिव्ह चार्जच्या कशात तरी बांधून साधारण १०० नॅनोमीटरचा कण करायचा. इथपर्यंत सारखं.

बांधायची पद्धत मात्र एकदम वेगळी. पॉलिप्लेक्स म्हणजे लाडू, पॉलिमरची साखळी आणि डीएनएची साखळी एकमेकींत गुंतून वळल्या जातात, वेगळं कव्हर नसतंच, कुठूनही फोडला तरी दोन्ही सापडणार. लिपिडचा कण करंजीच्या जवळचा. त्यात चार प्रकारचं लिपिड असतं, आयनायझेबल लिपिड, कोलेस्टेरॉल, एक फॉस्फोलिपिड आणि बाहेरून पीईजी (पाण्यात मिसळणारी एक साखळी) लावलेलं लिपिड. फक्त ही करंजी आतून पोकळ नाही हं, पोकळ फुग्यासारखं असतं ते लिपोसोम, इथे सारणातसुद्धा लिपिड आणि आरएनए एकत्र मळलेलं असतं.

पॉलिप्लेक्स बनवताना बघितलं तर वाटेल एवढंच? एका ट्यूबमध्ये डीएनए, दुसरीत पॉलिमर, पिपेटने एकात एक टाकायचं, हलवायचं आणि वीसेक मिनिटं ठेवून द्यायचं, कण आपोआप तयार. मग जेलवर चालवायचं, म्हणजे जेलीसारख्या थरातून विजेने ओढायचं, सुटा डीएनए खाली पळतो आणि बांधलेला वर वेलमध्येच (जिथे तो भरतो त्या खाचेत) चमकत बसतो, पहिल्यांदा ती पट्टी वर अडकलेली दिसली तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या सगळ्यांना बोलावून दाखवली होती. पण त्याच ट्यूबमध्ये शरीरात असतं तेवढं मीठ घातलं की कधीकधी बघता बघता पाणी गढूळ होतं, म्हणजे कण एकमेकांना चिकटून मोठे झाले, ती बॅच रक्तात द्यायच्या कामाची नाही. लिपिडवाले इथेनॉलमधलं लिपिड आणि आम्ल बफरमधला आरएनए बारीक नळ्यांतून ठरलेल्या वेगाने एकमेकांवर सोडतात, मग इथेनॉल काढून पीएच ७.४ ला आणतात. कटकट जास्त, पण प्रत्येक बॅच सारखी निघते, आणि औषध बनवायचं तर हे लहान नाही.

माझ्या मते खरा फरक चार्जमध्ये आहे. पॉलिइथिलिनइमिन नावाचा पॉलिमर, लॅबमध्ये सगळे पीईआयच म्हणतात, १९९५ पासून पेशीत जीन घालायला वापरतात आणि अजूनही नवीन पॉलिमर आला की तुलना त्याच्याशीच होते. पण ते रक्तातसुद्धा भरपूर पॉझिटिव्ह राहतं, तिथल्या प्रोटीनला चिकटतं, पेशीचं आवरण फाडतं, पेशी मरतात. लिपिडवाल्यांनी चार्जला जणू स्विच बसवला, आयनायझेबल लिपिड रक्ताच्या पीएचला जवळजवळ न्यूट्रल असतं, आणि पेशीने कण गिळून एंडोसोम नावाच्या आंबट पिशवीत टाकला की तिथे ते पॉझिटिव्ह होतं आणि पिशवीचा पडदा मोडतं. तरी एसआयआरएनएचे (जीन गप्प करणारे आरएनएचे आखूड तुकडे) शंभरातले एक-दोनच बाहेर निसटतात असं २०१३ मध्ये मोजलं गेलं, बाकी सगळे आतच पचून जातात.

पॉलिमरमध्ये अजून एक अडचण, सोडायची. घट्ट बांधलं तर पेशीत पोचूनही सुटत नाही, सैल बांधलं तर वाटेतच सुटतं, त्यामुळे आम्ही मुद्दाम हेपारिन, म्हणजे भरपूर निगेटिव्ह चार्जचा रेणू, घालून बघतो की किती खेचल्यावर डीएनए निघतो. त्यात एसआयआरएनए म्हणजे एकवीसेक जोड्यांचा आखूड ताठ तुकडा, हजारो जोड्यांच्या प्लास्मिडसारखा (डीएनएच्या गोल साखळीसारखा) तो गुंततच नाही, त्याचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. म्हणूनच मला २००० साली आलेले पॉली बीटा अमिनो एस्टर जवळचे वाटतात, पाण्यात त्यांची साखळी हळूहळू तुटते, माल मोकळा होतो आणि पॉलिमर साठून राहत नाही.

आता टार्गेटिंग, म्हणजे औषध हव्या त्या अवयवात पोचवणं. २०१८ मध्ये मंजूर झालेलं पॅटिसिरान हे लिपिड कणातलं औषध लिव्हरमध्ये जातं, पण त्यावर लिव्हरचा पत्ता कोणी चिकटवलेला नाही, रक्तातलं अपोलिपोप्रोटीन ई कणावर बसतं आणि लिव्हरच्या पेशी त्याला नेहमीचं फॅट समजून आत घेतात. पॉलिमरवर हवा तो पत्ता केमिस्ट्रीने जोडता येतो, सायक्लोडेक्स्ट्रिन पॉलिमरच्या कणावर ट्रान्सफेरिन (रक्तातलं लोह वाहणारं प्रोटीन) लावून एसआयआरएनए कॅन्सरच्या पेशंटना शिरेतून दिलं आणि ते कण ट्यूमरमध्ये सापडले, हे २०१० मध्येच छापून आलंय. लिव्हरसाठी लिपिड पुढे आहे हे मी मान्य करते, तिथे पॉलिमरने झटापट करण्यात मला अर्थ दिसत नाही. दुसरीकडे जावं. २०१९ मध्ये एमआयटीच्या लोकांनी याच पॉली बीटा अमिनो एस्टरच्या घराण्यातल्या पॉलिमरमध्ये एमआरएनए (प्रोटीन बनवायचा निरोप नेणारा आरएनए) बांधून उंदरांना श्वासातून दिला आणि फुप्फुसाच्या पेशींनी प्रोटीन बनवलं. आम्हीही फुप्फुसाच्याच मागे आहोत, फक्त तिथे म्यूकसचा चिकट थर आहे आणि पॉझिटिव्ह कण त्यातच रुतून बसतो, गेले तीन महिने आमचं सगळं त्याच्यावर चाललंय.